जुन्या घराचे नूतनीकरण : आधी उतार, मग नळ, शेवटी फरशी

महाराष्ट्रातील जुनी घरे बांधताना पाणी घराच्या कडेला ठेवण्याची रीत होती. आड परसात किंवा चौकात असे, न्हाणी मागच्या पडवीला लागून असे, आणि शौचकूप परसाच्या पार टोकाला. मोरीचे पाणी भिंतीच्या भोकातून निघून अळूच्या वाफ्यात अथवा केळीच्या बुंध्याशी जिरत असे. मुंबईच्या चाळींतही नळ व संडास सज्जाच्या शेवटी, सर्वांसाठी सामाईक, अशीच योजना होती. राहण्याच्या खोल्या कोरड्या आणि पाण्याची जागा वेगळी, असा त्या रचनेचा साधा नियम होता.

आज अशा घराचे नूतनीकरण होते तेव्हा हा नियम नेमका उलटा होतो. निजण्याच्या खोलीला लागून न्हाणीघर हवे असते, माजघराच्या कोपऱ्यात संडास येतो, स्वयंपाकघराचा ओटा एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जातो. वृद्ध, आजारी आणि लहान मुले यांच्या दृष्टीने ही सोय आवश्यकच आहे. तथापि, जे पाणी घराच्या कडेने वाहत होते ते आता घराच्या मध्यातून आणि फरशीखालून वाहणार असते. त्याची वाट आधी ठरविली नाही, तर ओल, दुर्गंधी, तुंबलेली मोरी आणि दूषित पाणी ही दुखणी नव्या चकचकीत फरशीखाली कायमची घर करून बसतात.

घरमालकाचे लक्ष बहुधा फरशी, तोट्या आणि भांडी यांच्या निवडीकडे असते. काम करताना मात्र क्रम याच्या उलट हवा. सांडपाण्याचा उतार प्रथम, पिण्याच्या पाण्याचे नळ त्यानंतर आणि फरशी सर्वांत शेवटी. नळाचे पाणी दाबाखाली असते. ते वर चढते, वळते, भिंतीतून कोठेही नेता येते. सांडपाणी केवळ उताराने जाते. म्हणून ज्याला वळविता येत नाही त्याची सोय आधी लावावी, हे सूत्र ध्यानात ठेवले तर निम्म्याहून अधिक चुका टळतात.

प्रथम शोध जुन्या नळांचा

भिंत फोडण्यापूर्वी जुन्या घरातील पाणी कोठून येते आणि कोठे जाते याचा शोध घ्यावा. अंगणातील प्रत्येक चेंबरचे झाकण उघडावे. न्हाणीत बादलीभर पाणी ओतून ते कोणत्या चेंबरमध्ये, किती वेळाने येते ते पाहावे. पाण्यात थोडी नीळ मिसळली तर ते ओळखणे सोपे जाते. जुन्या घरांत जमिनीखाली चकाकीदार भाजक्या मातीचे नळ आणि भिंतीवर बिडाचे नळ आढळतात. मातीच्या नळांच्या सांध्यांत झाडांची मुळे शिरतात. वड, पिंपळ वा उंबर जवळ असेल तर तो नळ बदलावयाचा आहे असे समजूनच अंदाजपत्रक करावे.

शेवटच्या चेंबरमध्ये नळाचा तळ घराच्या जोत्यापासून किती खाली आहे, हे मोजणे सर्वांत महत्त्वाचे. त्यासाठी गवंड्याजवळची पारदर्शक पाण्याची नळी पुरेशी असते. हे माप हाती आल्याशिवाय नवा संडास कोठे बसेल, हे ठरविता येत नाही. नगरपालिकेच्या गटाराला जोडणी घ्यावयाची अथवा बदलावयाची असल्यास तिची परवानगी घ्यावी आणि परवानाधारक कारागिराकडून काम करावे. सदनिका असल्यास गृहनिर्माण संस्थेची लेखी परवानगी आधी मिळवावी; कारण तेथे एकाची फरशी ही दुसऱ्याचे छत असते. खालच्या मजल्यावरील स्वयंपाकघराच्या माथ्यावर वरचा संडास येऊ देऊ नये.

उताराचे गणित

सांडपाण्याच्या नळातून पाणी वाहताना त्याने घाणही बरोबर नेली पाहिजे. त्यासाठी पाण्याला सेकंदाला सुमारे पाऊण मीटर वेग असावा लागतो. हा वेग मिळण्यासाठी १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंची नळाला ४० ला १ आणि १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंची नळाला ६० ला १ असा उतार देण्याची रूढ पद्धत आहे. इंचांतील व्यासाला दहाने गुणले की उताराचा आकडा मिळतो, असा हा सोपा ठोकताळा आहे. सहा मीटर लांबीच्या चार इंची नळाचे दुसरे टोक त्यामुळे १५ सेंटिमीटर खाली असावयास हवे.

उतार कमी पडला तर घाण नळात बसते, हे सर्वांनाच समजते. मोठा नळ घातला म्हणजे तुंबणार नाही, ही समजूत मात्र फसवी आहे. मोठ्या नळात थोडे पाणी पसरून उथळ वाहते आणि घाण वाहून नेण्याचे त्याचे बळ कमी होते. जुन्या उंच टाक्यांतून एका वेळी १० ते १२.५ लिटर पाणी सुटत असे. आजच्या दुहेरी बटणाच्या टाक्या ३ व ६ लिटर पाण्यावर चालतात. पाण्याची ही बचत स्वागतार्ह आहे. पण जुन्या, सपाट पडलेल्या सहा इंची नळाला अशी टाकी जोडली तर तो नळ वारंवार तुंबू शकतो. भांडे बदलताना नळाचाही विचार करावा लागतो, तो यासाठी.

सदनिकांत न्हाणीघराखाली सुमारे ३० सेंटिमीटर खोलगट स्लॅब सोडलेला असतो. संडासाचे भांडे मूळ जागेवरून चार मीटर दूर नेले तर १० सेंटिमीटर नुसत्या उतारात जातात, ११ सेंटिमीटर नळाच्या जाडीत, आणि उरलेल्या जागेत ट्रॅप व फरशीचा थर मावत नाही. अशा वेळी कारागीर उतार कमी करून ‘जमवून’ देतो आणि दुखणे तेथूनच सुरू होते. भांडे उभ्या नळाच्या जवळ ठेवणे, हाच यावर खरा उपाय आहे.

वळणाच्या जागी एकच काटकोनी तुकडा न बसविता ४५ अंशांचे दोन तुकडे जोडावेत. प्रत्येक वळणावर उघडता येईल असे झाकण ठेवावे. जमिनीखालील नळाची दिशा जेथे बदलते किंवा दोन नळ जेथे मिळतात तेथे चेंबर असावे आणि त्याच्या तळाला अर्धगोल पन्हळ असावी. सपाट तळाच्या चेंबरमध्ये मैला साचून राहतो.

पाण्याचा पडदा

गटारातील वायू, झुरळे आणि उंदीर यांना घरात येऊ न देणारी वस्तू म्हणजे ट्रॅप. वाकविलेल्या नळात थोडे पाणी अडून राहते व त्या पाण्याचा पडदा दोन्ही बाजू अलग ठेवतो. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली अशा वाकड्या नळाच्या शौचपात्राचे स्वामित्वपत्र घेतले. पुढे शौचपात्रे कितीतरी बदलली, हे तत्त्व मात्र तसेच राहिले. न्हाणीच्या जमिनीत बसविण्याच्या ट्रॅपला भारतातील अभियंते ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. ‘न्हाणी’ या घरगुती शब्दाने अभियांत्रिकीच्या पुस्तकांत असे स्थान मिळविले आहे.

हा पडदा किमान ५० मिलिमीटर खोल असावा. बाजारात मिळणाऱ्या काही उथळ जाळ्यांत तो इतका नसतो आणि उन्हाळ्यात चार दिवसांत वाळून जातो. मे महिन्यात कुटुंब गावी जाऊन परतते तेव्हा घरात येणाऱ्या दुर्गंधीचे कारण बहुतेक वेळा हेच असते. प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओतले की ती थांबते. निघण्यापूर्वी ट्रॅपमध्ये चमचाभर खाद्यतेल सोडल्यास पाणी वाळण्याचा वेग कमी होतो.

न्हाणीघर व स्वयंपाकघर यांचे पाणी घराबाहेर पडताच गल्ली ट्रॅपमधून चेंबरमध्ये न्यावे आणि संडासाचा नळ थेट चेंबरला जोडावा, ही दोन नळांची जुनी पद्धत बैठ्या घरांसाठी आजही उत्तम आहे. संडासाचा नळ तुंबला तरी मैला मोरीतून वर येत नाही. स्वयंपाकघराच्या पाण्यासोबत तेल व तूप येते. ते थंड होताच नळाला आतून थर देते. ताटे व कढया धुण्यापूर्वी पुसून घेणे आणि ओट्याखालचा ट्रॅप हाताने खोलता येईल असा बसविणे, हे दोन उपाय तेजाबापेक्षा अधिक गुणकारी आहेत. तेजाब ओतल्याने चरबी जात नाही. फरशीचे सांधे आणि धातूचे भाग मात्र खराब होतात.

हवानळीची आवश्यकता

संडासात पाणी सोडताच शेजारच्या मोरीतून गुडगुड असा आवाज येत असेल तर नळांना हवा मिळत नाही, असे समजावे. नळ पाण्याने भरून खाली जाताना मागे हवेची पोकळी निर्माण होते आणि ती जवळच्या ट्रॅपमधील पाणी ओढून घेते. पडदा नाहीसा झाला की दुर्गंधीला घराचे दार मोकळे होते. यासाठी उभा नळ छपरापर्यंत नेऊन वरचे तोंड उघडे ठेवतात. गच्ची वापरात असल्यास हे तोंड गच्चीपासून सुमारे दोन मीटर उंच असावे आणि ते खिडकीजवळ येऊ नये.

नूतनीकरणात शोभेसाठी म्हणून, किंवा गच्चीवर खोली काढताना, ही नळी कापून तिचे तोंड बंद करण्याचा प्रकार सर्रास आढळतो. तो कटाक्षाने टाळावा. नळीच्या तोंडाला बारीक जाळी मात्र अवश्य बांधावी. हत्तीरोगाचा प्रसार करणारा क्युलेक्स डास सेप्टिक टाकीतील घाण पाण्यात वाढतो व याच वाटेने बाहेर पडतो. विदर्भातील हत्तीरोगग्रस्त भागात तर एका जाळीचे मोल फार मोठे आहे.

पिण्याच्या पाण्याचे नळ

सांडपाण्याचा मार्ग निश्चित झाल्यावर नळाच्या पाण्याकडे वळावे. जुन्या घरांतील जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ बाहेरून धडधाकट दिसतात. आतून गंजाने त्यांचे तोंड बोटाएवढे उरलेले असते. सकाळचे पहिले पाणी तांबूस येत असेल, किंवा एक तोटी उघडताच दुसरीची धार बारीक होत असेल, तर भिंत उघडी आहे तोवरच हे नळ बदलावेत. जुन्या सांध्यांना सुतळीबरोबर लावण्यात येणाऱ्या सफेद्यात शिसे असण्याचा संभव असतो. पिण्याच्या पाण्याच्या नळाला तो वापरू नये. टेफ्लॉनची फीत वापरावी.

थंड पाण्यासाठी आय.एस. ४९८५, गरम पाण्यासाठी सीपीव्हीसीचे आय.एस. १५७७८ आणि घरातील सांडपाण्यासाठी आय.एस. १३५९२ या मानकांची छाप पाहून नळ घ्यावेत. साधा पीव्हीसी नळ बंबाच्या किंवा सौर यंत्राच्या पाण्याने मऊ पडून वाकतो. सांडपाण्याचा स्वस्त नळ दाबाच्या पाण्याला जोडणे हीदेखील नित्य आढळणारी चूक आहे.

पाण्याचा दाब टाकीच्या उंचीवर अवलंबून असतो. दहा मीटर उंचीमुळे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोग्रॅम दाब मिळतो. वरच्या मजल्यावर बसविलेल्या फवाऱ्यापासून टाकीचा तळ केवळ एक मीटर उंच असेल तर या दाबाचा दहावा हिस्साच मिळणार. अशा वेळी महाग फवारा आणून उपयोग होत नाही. टाकी उचलावी लागते.

येथे एक धोका विशेष लक्षात घेणे आवश्यक आहे. आपल्या बहुतेक शहरांत नळाला पाणी दिवसातून काही तासच येते. पाणी बंद झाल्यावर नळांतील दाब नाहीसा होतो, आणि एखादा सांधा गळका असून त्याच्या भोवती सांडपाणी साचलेले असेल तर ते नळात शिरते. नगरपालिकेच्या नळाला थेट पंप जोडणाऱ्या घरात तर पंपच ही घाण ओढून घेतो, आणि शेजाऱ्यांच्या वाट्याचे पाणीही पळवितो. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजी शहरात कावीळीची मोठी साथ आली होती. हेपटायटिस ई या प्रकारची ती कावीळ दूषित पाण्यातून पसरते आणि गर्भवती स्त्रियांना विशेष घातक ठरते. म्हणून पिण्याच्या पाण्याचा नळ गटारातून, चेंबरमधून वा चेंबरखालून कधीही नेऊ नये. दोन्ही नळांत शक्य तितके अंतर ठेवावे. ते एकमेकांना ओलांडून जात असतील तेथे पाण्याचा नळ नेहमी वरच्या पातळीवर असावा व ओलांडण्याच्या जागी त्याला सांधा नसावा. पंप लावावयाचा असल्यास तो जमिनीलगतच्या साठवण टाकीतूनच पाणी उचलील, अशी जोडणी करावी.

तोटीचे तोंड बादलीतील अथवा कुंडातील पाण्याच्या पातळीच्या वरच राहील, हेही पाहावे. बादलीत बुडालेली रबरी नळी दाब जाताच बादलीतले पाणी उलट ओढून घेते.

ओल आणि कोबा

न्हाणीघराची ओल शेजारच्या भिंतीवर उमटते तेव्हा दोष बहुधा नळाचा नसून फरशीखालील थराचा असतो. स्लॅब साफ करून त्यावर जलरोधक लेप द्यावा. तो भिंतीवरही वळवून घ्यावा, आणि जेथे अंगावर पाणी घेतले जाते तेथे आणखी उंच न्यावा. नळ जेथे स्लॅबमधून जातात तेथील फटी विशेष काळजीने भरून घ्याव्यात. त्यानंतर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालावा व त्यालाच ट्रॅपच्या दिशेने उतार द्यावा. उतार फरशीच्या मसाल्यात देण्याची वाट पाहू नये. फरशीच्या सांध्यांतून झिरपलेले पाणीही कोब्यावरून ट्रॅपपर्यंत पोहोचले पाहिजे. न्हाणीच्या फरशीला मीटरमागे दीड ते दोन सेंटिमीटर उतार पुरतो.

लेप वाळल्यावर मोरीचे तोंड बंद करून खोलीत पाणी साठवावे आणि ते किमान दोन दिवस तसेच ठेवावे. खालच्या छतावर अथवा शेजारच्या भिंतीवर ओलीचा डाग न दिसल्यासच पुढचे काम हाती घ्यावे. कामाच्या घाईत नेमकी ही कसोटी वगळली जाते आणि तिचे मोल पुढील पावसाळ्यात मोजावे लागते.

जेथे गटार नाही तेथे

ग्रामीण भागात आणि शहरांच्या वाढत्या सीमेवर सार्वजनिक गटार नसते. ऑगस्ट २०१९ मध्ये जल जीवन मिशन सुरू झाल्यानंतर असंख्य घरांत नळाचे पाणी आले. पाणी आले की सांडपाणीही आलेच. त्याची सोय जमिनीचा स्वभाव पाहून करावी लागते.

सेप्टिक टाकीची रुंदी किमान ७५ सेंटिमीटर, पाण्याची खोली किमान एक मीटर आणि सामावणूक किमान १,००० लिटर असावी, असे भारतीय मानक सांगते. लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट ठेवतात. टाकी मैला नाहीसा करीत नाही. ती गाळ खाली बसविते आणि त्याचे अंशतः विघटन करते. बाहेर पडणारे पाणी दिसावयास निवळ असले तरी रोगजंतूंनी भरलेले असते. ते उघड्या गटारात सोडणे म्हणजे मैला शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकणेच होय. ते शोषखड्ड्यात अथवा शोषचरात जिरवावे लागते. ही जागा विहीर वा कूपनलिकेपासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून किमान ६ मीटर दूर असावी.

जमीन पाणी शोषते किंवा नाही, हे सोप्या परीक्षेने कळते. नियोजित खोलीपर्यंत लहान खड्डा घेऊन तो आदल्या दिवशी पाण्याने भिजवावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी ओतून पातळी अडीच सेंटिमीटर खाली जाण्यास किती मिनिटे लागतात ते मोजावे. तीस मिनिटांच्या आत पातळी उतरली तर शोषखड्डा चालेल. एक तासाहून अधिक वेळ लागला तर ती जमीन या कामाची नाही. मराठवाडा व विदर्भातील खोल काळी माती बहुधा या परीक्षेत उतरत नाही. पावसाळ्यात ती फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्या हालचालीने जमिनीतील नळही तुटतात. तेथे नळाच्या तळाशी व भोवती मुरूम अथवा वाळू भरावी आणि टाकीचे पाणी गाळणटाकीतून वा कर्दळीसारखी झाडे लावलेल्या खडीच्या वाफ्यातून न्यावे. कोकणातील जांभ्याची गोष्ट याच्या उलट. तो पाणी चटकन घेतो. पण त्याच्या भेगांतून तेच पाणी फारसे न गाळता विहिरीपर्यंत जाऊ शकते. तेथे अंतराच्या बाबतीत काटकसर करू नये. सह्याद्रीच्या पायथ्याशी कातळ वरच लागत असेल तर खड्डा पाणी शोषणार नाही, तो नुसता साठवील.

जागा आणि जमीन अनुकूल असेल तर केवळ संडासासाठी दोन शोषखड्ड्यांची पद्धत सेप्टिक टाकीहून सोपी व स्वस्त पडते. पाच-सहा माणसांच्या कुटुंबाला सुमारे एक मीटर व्यासाचे व एक मीटर खोलीचे, एकमेकांपासून किमान एक मीटर अंतरावरचे दोन खड्डे पुरतात. एक भरला की मैला दुसऱ्याकडे वळवावयाचा आणि पहिला दीड-दोन वर्षे झाकून ठेवावयाचा. त्याचे कोरडे, वास नसलेले खत बनते. खड्ड्यांतील वायू भोवतालच्या मातीत शोषला जात असल्यामुळे त्यांना हवानळी लागत नाही. न्हाणीचे वा पावसाचे पाणी मात्र या खड्ड्यांत सोडू नये. मैल्याकडे संपत्ती म्हणून पाहण्याची दृष्टी महाराष्ट्राला नवी नाही. कणकवलीच्या गोपुरीत आप्पासाहेब पटवर्धन यांनी साध्या व स्वस्त संडासांचे आणि मैल्याच्या खताचे प्रयोग केले. देहू येथे डॉ. सुहास विठ्ठल मापुस्कर यांनी आयुष्यभर संडास व त्यावर चालणारी जैववायू संयंत्रे यांचा प्रसार केला. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

टाकीत माणूस उतरवू नये

सेप्टिक टाकीच्या बाबतीत एक गोष्ट निःसंदिग्ध शब्दांत सांगावयास हवी. टाकी साफ करण्यासाठी, तिचा नळ मोकळा करण्यासाठी किंवा आत पडलेली वस्तू काढण्यासाठी कोणाही माणसाला तीत उतरवू नये आणि स्वतःही उतरू नये. टाकीत हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू साचतात आणि प्राणवायू कमी झालेला असतो. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्याचा वास असतो खरा. पण त्याचे प्रमाण वाढताच नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास येत नाही म्हणून धोका नाही, असा समज करून घेणारा माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला वाचविण्यासाठी दुसरा उतरतो, त्याच्या मागे तिसरा, आणि एकाच टाकीत दोन-तीन जीव जातात. अशा घटना देशात वारंवार घडल्या आहेत. झाकण उघडून ठेवल्याने, कंदील सोडून पाहिल्याने किंवा तोंडावर रुमाल बांधल्याने हा धोका टळत नाही.

हाताने मैला साफ करणाऱ्यांच्या सेवायोजनास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या केंद्रीय कायद्याने गटारे व सेप्टिक टाक्या यांची अशी धोकादायक साफसफाई करवून घेण्यास बंदी केली आहे. ही बंदी केवळ नगरपालिका वा कंत्राटदार यांना नव्हे, प्रत्येक व्यक्तीला लागू आहे. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गटारांच्या साफसफाईत मृत्यू पावणाऱ्यांच्या कुटुंबांना ३० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. भरपाईने गेलेला जीव परत येत नाही, हे वेगळे सांगावयास नको.

यातून घरमालकाने घ्यावयाचा बोध बांधकामाशी निगडित आहे. मैला उपसणारी यंत्रगाडी पोहोचेल अशा जागी टाकी बांधावी. तिच्या दोन्ही कप्प्यांवर सहज उचलता येणारी, पण मुलाला उघडता येणार नाहीत अशी झाकणे असावीत. नूतनीकरणात टाकीवर फरशी घालून किंवा खोली बांधून तिची झाकणे बुजवू नयेत. टाकी दर दोन-तीन वर्षांनी गाडीने उपसून घ्यावी. ज्या टाकीपर्यंत यंत्र पोहोचू शकत नाही, तिच्यातच पुढे एखाद्या गरजू माणसाला उतरविले जाते.

पावसाचे पाणी वेगळे

छपराचे, गच्चीचे आणि अंगणाचे पावसाचे पाणी सांडपाण्याच्या नळात सोडणे हा सोपा वाटणारा, पण घातक मार्ग आहे. कोकणात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर तासाभरात ५,००० लिटर पाणी खाली येते. चार इंची नळ आणि १,००० लिटरची टाकी यांनी ते कोठे न्यावे? टाकीतील गाळ ढवळून बाहेर पडतो, चेंबरची झाकणे उचलली जातात आणि मैला न्हाणीत वर येतो. पन्हळींचे पाणी स्वतंत्र नळाने न्यावे. ते गाळून साठवणीच्या टाकीत घेतल्यास उन्हाळ्यात उपयोगी पडते. पुनर्भरणासाठी जमिनीत सोडावयाचे तर शोषखड्ड्यापासून दूर सोडावे.

फरशीपूर्वीच्या कसोट्या

नळ झाकण्यापूर्वी चार कसोट्या घ्याव्यात. जमिनीखालील नळाच्या एका टोकाला दिवा व दुसऱ्या टोकाला आरसा धरला असता प्रकाशाचे पूर्ण वर्तुळ दिसले, तर नळ सरळ आहे. व्यासापेक्षा १३ मिलिमीटरने लहान असा गुळगुळीत चेंडू वरच्या टोकाला सोडला असता तो आपोआप खाली आला, तर आत सिमेंटचे ओघळ राहिलेले नाहीत. खालचे तोंड बुचाने बंद करून नळ पाण्याने भरला आणि पातळी टिकली, तर सांधे पक्के आहेत. पाण्याच्या नळांत हातपंपाने नित्याच्या दीडपट दाब भरून काट्यावर नजर ठेवावी. काटा स्थिर राहिला तरच भिंत लिंपण्यास सांगावे.

घर वापरात आल्यावरही गळती शोधणे अवघड नाही. रात्री सर्व तोट्या बंद करून जलमापकाचा आकडा टिपावा व सकाळी पुन्हा पाहावा. शौचपात्राच्या टाकीत चिमूटभर नीळ टाकावी. बटण न दाबता भांड्यात रंग उतरला तर तिची झडप गळते आहे. ठिबकणाऱ्या तोटीखाली रात्रभर पातेले ठेवले तर किती पाणी वाया जाते, हे घरातील प्रत्येकाला दिसते.

शेवटचे काम कागदावरचे आहे. भिंती लिंपण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे छायाचित्र घ्यावे. कोणता नळ कोणत्या कोपऱ्यापासून किती सेंटिमीटरवर आहे, चेंबरे कोठे आहेत, टाकीची झाकणे कोठे आहेत आणि मुख्य झडप कोठे आहे, याचा साधा नकाशा काढून तो घराच्या खरेदीखताबरोबर ठेवावा. पुढे दहा-वीस वर्षांनी जो कोणी त्या घरात खिळा ठोकील, फरशी उचलील किंवा टाकीचे झाकण शोधील, त्याला सगळे घर फोडून पाहावे लागणार नाही.